काकाजींचं मागणी खातं

कोणत्याही लग्नात गेले की काकाजी आधी खुर्ची हलवून बघायचे. नवरा-नवरी स्टेजवर उभे आहेत, अक्षता वाटून झाल्या आहेत, भटजी घसा खाकरत आहेत, आणि आमचे काकाजी शेवटच्या रांगेत वाकून लाल प्लास्टिकच्या खुर्चीचे चारही पाय एकेक करून दाबत आहेत. मग त्या खुर्चीवर बसायचं, उजवीकडे रेलायचं, डावीकडे रेलायचं, आणि उठून वहीत काहीतरी लिहायचं. बघणाऱ्यांना वाटायचं, या माणसाला मूळव्याध असणार. हॉटेलातली, दवाखान्यातली खुर्ची त्यांना कशीही चालायची. पण लग्नाच्या खुर्चीबाबत ते फार कडक. म्हणायचे, "लग्नात खुर्ची मोडली तं त्याच्यावर बसलेला नाई पडत. पोरीचा बाप पडते."

हे काकाजी माझे साहेब होते. वय पंचावन्नच्या पुढे, पांढरा शर्ट, पायात बारा महिने सँडल. त्यांच्या कार्डावर 'हेड, डिमांड जनरेशन' असं छापलेलं होतं. ते कार्ड ते कुणाला देत नसत. कुणी मागितलंच तर म्हणायचे, "हे वाचाले घेतलं तं मानूस अर्धा तास माझं कामच समजून घेत बसते. त्यापरीस मी सांगतो, लग्न कोनाच्या घरी हाय?"

काम तसं समजायला सोपं होतं. पुण्याच्या काही तरुणांनी एक अॅप काढलं होतं. मंगल कार्यालय, बिछायत म्हणजे मांडव-गाद्या-खुर्च्या, आचारी, बँड, फोटोवाला, घोडी, सगळं एका ठिकाणी बघा आणि ठरवा. कार्यालयवाले आणि बिछायतवाले धडाधड नावं नोंदवून मोकळे झाले, पण गिऱ्हाईक फिरकेना. ते गिऱ्हाईक आणायचं खातं म्हणजे डिमांड जनरेशन. आमच्या वऱ्हाडासाठी त्याचं ऑफिस अमरावतीत, राजापेठेत एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं. मी तिथे जाहिराती आणि कॉम्प्युटरचं बघायची. घरच्यांच्या ओढीने पुणं सोडलं असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तिथली नोकरी गेली होती.

काकाजींनी त्याआधी पंचवीस वर्षं गावोगाव फिरून कपाशीचं बियाणं विकलं होतं. मुलाखतीत पुण्याच्या साहेबांनी त्यांना विचारलं, "तुम्ही डिमांड कशी तयार कराल?" काकाजी म्हणाले, "साहेब, डिमांड तं तयारच हाय. पोरं मोठे होऊन राहिले, पोरी मोठ्या होऊन राहिल्या. आपन फक्त वेळेवर पोचाचं." साहेबांना यात फार मोठं तत्त्वज्ञान दिसलं. त्यांनी जागच्या जागी नेमणूक केली आणि पुढे दोन वर्षं पस्तावले.

पुण्याच्या मीटिंगमध्ये गिऱ्हाइकाच्या पायऱ्या असायच्या. पहिली पायरी, दुसरी पायरी, वर रुंद, खाली निमुळतं. काकाजींना ते चित्र मान्य नव्हतं. "हे तं तेल ओताचं नरसाळं हाय," म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडून नवा तक्ता करून घेतला. पेरणी, उगवण, पातं म्हणजे कळी, फूल, बोंड, वेचणी. पत्ता मिळाला की पेरणी. घरच्यांनी चहा पाजला की उगवण. "कूलर किती देता?" असं विचारलं की पातं धरलं, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात कार्यालयाची लायकी कूलरवर ठरते. आणि पातं धरून गळून पडलं की ती पातेगळ. पुण्याच्या साहेबांनी सहा महिने विरोध केला. पण एका बैठकीत मी माझ्या कानांनी ऐकलं, ते मुंबईच्या कुणाला तरी इंग्रजीत सांगत होते की या तिमाहीत आमची पातेगळ जरा जास्त आहे.

जाहिरातींचा मजकूर मी लिहायची आणि काकाजी खोडायचे. 'तुमच्या स्वप्नातला सोहळा' हे माझं वाक्य वाचून त्यांनी विचारलं, "हे स्वप्न कोनाले पडते? पोरीच्या बापाले तं झोपच नाई." मग त्यांनी स्वतः लिहिलं, 'लग्न एकदाच असते, आचारी दोनदा पाहा.' तो फलक बडनेरा रोडवर लागला आणि आठवडाभर ऑफिसचा फोन खाली ठेवता आला नाही. अर्धे फोन आचाऱ्यांचे होते, भांडायला केलेले. पण उरलेले अर्धे बापांचे होते.

बाप हा काकाजींचा खास विषय होता. ते म्हणायचे, "बापाले काई विकाचं नाई. बाप घाबरलेला असते. पाहुने जास्त येतीन, भाजी पुरनार नाई, लाइन जाईन. त्याले फक्त सांगाचं, घाबरू नका, आमी हावो." पुण्याहून आलेल्या प्रशिक्षणात आम्हाला तीन दिवस ग्राहकाचं मानसशास्त्र शिकवलं होतं. त्यात याहून वेगळं काही नव्हतं, फक्त जेवण चांगलं होतं.

बियाण्याच्या धंद्यात एक पद्धत असते. चांगलं पीक आलेल्या शेतावर आजूबाजूच्या शेतकऱ्यांना नेऊन दाखवायचं, बोंडं मोजू द्यायची. काकाजींनी ती जशीच्या तशी लग्नाला लावली. वरूडच्या एका लग्नाचं सगळं काम आमच्या अॅपवरून झालं होतं. त्या लग्नात काकाजी चार होतकरू बापांना घेऊन गेले. कुणाला आमंत्रण नव्हतं. चौघंही हात पाठीमागे बांधून कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालल्यासारखे मांडवातून फिरले. एकाने भाताच्या पातेल्याचं झाकण उचललं. दुसऱ्याने कूलरसमोर उभं राहून शर्टाची वरची दोन बटणं सोडली. तिसऱ्याने बँडवाल्यांना थांबवून तेच गाणं पुन्हा वाजवायला लावलं आणि मान हलवून पुढे गेला. चौथा एका आजीला विचारत होता, "बाई, भाजी तिखट झाली का?" मुलीकडचे समजले हे मुलाकडचे खवचट मामा असतील, म्हणून त्यांनी चौघांना शाल-टोपी दिली. चारपैकी तीन लग्नं आम्हाला मिळाली. चौथ्याने टोपी घट्ट होते म्हणून नकार दिला.

आता वहीबद्दल सांगायला हवं, कारण घोटाळा तिथेच झाला.

लग्न ठरतंय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं, यावर काकाजींनी खूप विचार केला होता. त्यांच्या मते ब्लाउज शिवणाऱ्या बाईला. भटजी आणि भन्ते त्याच्यानंतर, नातेवाईक सगळ्यात शेवटी. त्यामुळे धामणगावपासून अकोल्यापर्यंतच्या शिलाईवाल्या त्यांना ओळखायच्या. फोन यायचा, "काकाजी, अमक्याच्या घरी माप घेऊन आली मी." लगेच वहीत नोंद व्हायची. पण नुसती नोंद म्हणजे नक्की नव्हे. आमच्याकडे साक्षगंध होईपर्यंत, म्हणजे मुलीला कुंकू लागेपर्यंत, सोयरिकीची वाच्यता करत नाहीत. कुणीतरी काडी घालतंच. काकाजी हा नेम कडक पाळायचे. पेनाच्या शेजारी खिशात त्यांनी कुंकवाची छोटी डबी ठेवली होती. साक्षगंध झाल्याचं कळलं की त्या नोंदीवर करंगळीने कुंकू लावायचं. कुंकू लागलेल्या घरीच संपर्क करायचा. बाकीच्यांच्या दारावरूनही जायचं नाही.

मी वहीच्या पानांचे फोटो काढून कुंकवाच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरायची. पुढचं काम आपोआप व्हायचं. नोंद भरली रे भरली की दोन्ही घरच्या बापांच्या फोनवर नावानिशी संदेश जायचा. 'अभिनंदन! चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांच्या शुभविवाहासाठी आम्ही सज्ज आहोत.' ही माझी कल्पना होती. पुण्याने त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं.

काकाजींना दुसरं एक वेड होतं तर्रीचं. सकाळी पोह्यांवर तर्री, दुपारी आलूबोंड्यावर तर्री, एकदा मी त्यांना इडलीवर तर्री घेताना पाहिलंय. आणि वही कायम प्लेटच्या शेजारी. तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती. मी फोटो बघत होते. अकोल्याची एक मुलगी, मूर्तिजापूरचा मुलगा, आणि नावांच्या मधोमध गोल, लालभडक ठिपका. मी नोंद भरली.

दुपारी काकाजी आले, पडद्याकडे बघितलं आणि उभ्याउभ्या विचारलं, "अकोल्याचं हे कोनं टाकलं?"

"कुंकू होतं ना, काकाजी."

काकाजींनी वही उघडली, पान नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "माय," ते म्हणाले, "हे तर्री हाय."

त्या घरचं काहीच ठरलेलं नव्हतं. मूर्तिजापूरकर मुलगी बघून गेले होते, आणि 'कळवतो' म्हणाले होते. तेवढ्यात दोन्ही घरी नावानिशी अभिनंदन पोचलं. मुलाच्या बापाने तो संदेश 'हे कोणी केलं?' असं विचारत आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तासाभरात तो अकोल्याच्या नातेवाइकांकडे गेला. मुलीच्या घरी फोन सुरू झाले. कुणी अभिनंदन करत होतं, कुणी आम्हाला का सांगितलं नाही म्हणून रुसत होतं. आता मूर्तिजापूरने नाही म्हटलं, तर ठरलेलं लग्न मोडलं असंच गावभर होणार होतं. मला रडू आलं. काकाजी म्हणाले, "रडाचं मंग. पयले बस पकडू."

मूर्तिजापुरात मुलाच्या वडिलांचं धान्याच्या अडतीचं दुकान होतं, मागेच घर. आम्हाला बघून ते गादीवरून उठलेसुद्धा नाहीत.

"तुमीच का ते अभिनंदनवाले?"

"हो जी. मीच," काकाजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बोट दाखवलं नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

"आमच्या पोराचं लगन तुमी ठरोलं, अन् आमालेच मेसेज करून सांगून राहिले? मोठे उपकार झाले बाप्पा! मले सारं समजते. हे अकोलेवाल्याईचं काम हाय. पोरगी गळ्यात घालून राहिले."

"नाई जी. त्याईले तं तुमच्यासारखाच मेसेज गेला. चूक आमची हाय. मी पुरावा आनला." काकाजींनी वही उघडून गादीवर ठेवली. "हे पाहा. हे वरूडचं, याच्यावर कुंकू हाय. अन् हे तुमचं."

"मले तं दोन्ही लालच दिसते."

"पाहाचं नाई. वास घ्या."

त्या माणसाने आधी काकाजींकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मग चष्मा कपाळावर सरकवून पानावर नाक टेकवलं. खात्री होईना, म्हणून बायकोला हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, एकदाच हुंगलं आणि निकाल दिला, "तर्री हाय. लसून जास्त झाला. अन् खोबरं जाळलं मेल्यानं."

"राजापेठेतली हाय," काकाजी नम्रपणे म्हणाले.

वातावरण एकदम निवळलं. चहा आला. त्या बाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "अन् हे पोरगी कोनाची?"

"हे आमच्या ऑफिसात हाय, कॉम्प्युटरवर," काकाजी म्हणाले.

"लगन झालं का?"

"तिची नोंद अजून नाई," काकाजी घाईने म्हणाले आणि माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

दोन घोट झाल्यावर मुलाचे वडील मोकळे झाले. "खरं सांगू का, अकोल्याचं आमचं काई नक्की नाई. धामनगावची एक पोरगी हाय, तिकडे जमतच आलं. पन तिकडे फिस्कटलं तं हातात एक पायजे ना? म्हून अकोल्याले हो बी नाई म्हटलं, नाई बी नाई म्हटलं. हे तिकडे बोलाचं नाई बरं. अन् लगन कोठचंही होवो, हजार मानसाचं सारं काम तुमच्याकडे. हॉल, बिछायत, कूलर, सारं. शब्द हाय आपला."

काकाजींनी कप खाली ठेवला. अर्धा चहा उरला होता. मी त्यांना चहा टाकून उठताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अकोल्याच्या बसमध्ये मी हिशेबी बोलले. आता लाज वाटते, पण बोलले. "काकाजी, आपण तिथे माफी मागू आणि येऊ. त्यांच्या आपसातल्या गोष्टींशी आपला काय संबंध? हजार माणसांचं काम आहे." काकाजींनी तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "हो. माफीच मागू. पगार मले बी लागते, माय."

अकोल्याचं घर एका साध्या कॉलनीत होतं. मुलीचे वडील शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. ते फोन उपडा ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते. मुलगी तलाठी होती. ती ऑफिसातून नुकतीच येऊन बसली होती, आणि बसली होती तीसुद्धा तलाठ्यासारखीच, समोर टेबल, टेबलावर कोरा कागद.

"बसा. पाणी घ्या," ती म्हणाली. "मेसेज कोणी पाठवला?"

"मशीननं," काकाजी म्हणाले.

"मशीन कोणाची?"

"आमची."

"नोंद कोणी भरली?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. ती लिहून घेत होती. वहीचं पान तिने उजेडात धरून बघितलं. हुंगायची वेळ आली तेव्हा मात्र तिच्या ओठांच्या कडा हलल्या. मग तिने विचारलं, "मूर्तिजापूरले जाऊन आलात?"

"हो."

"काय म्हणाले ते?"

काकाजी एक ग्लास पाणी प्यायले. दुसरा प्यायले. तिसरा मागितला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ते 'थांबा' म्हणाले, एवढंच सांगा. तेही खोटं नाहीच की.

"माय," काकाजी म्हणाले, "तू हे विचाराची नाई म्हून मी रस्ताभर देवाले हात जोडत आलो. पन तू विचारलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. धामणगावचंही. हो नाही आणि नाहीही नाही, तेही. हजार माणसांच्या कामाची लालूचसुद्धा सांगितली, आणि आपण बसमध्ये तयार झालो होतो, हेही.

मुलीचे वडील उठून उभे राहिले. "तुमाले कोनं सांगतलं होतं हे सांगाले? पयले खोटं अभिनंदन करता, मंग खरं सांगता! दोन साल झाले आमी पाहून राहिलो. जमलं असतं ना हो. जमलं असतं."

काकाजी मान खाली घालून बसले.

मुलीने कागद पूर्ण केला. मोठ्याने वाचून दाखवला, खाली काकाजींची सही घेतली, पंच म्हणून माझी घेतली. मग मूर्तिजापूरला फोन लावला. "नमस्कार. अकोल्याहून बोलून राहिली. आमच्याकडून नाही आहे. हो, मीच बोलून राहिली. बाबांले त्रास देऊ नका. ठेवते." वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून तिने त्यांना खाली बसवलं. "बाबा, उद्या मला ते तिथे नेऊन असंच अधांतरी ठेवतीन. त्यापेक्षा हे बरं." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "जेवून जा."

आम्ही जेवलो. वडील जेवले नाहीत, पण त्यांनी काकाजींना भाकरी वाढली. निघताना मुलीने विचारलं, "काकाजी, तुमच्या वहीत माझा नंबर आहे का?"

काकाजींनी पान उघडून बघितलं. तिच्या वडिलांचा होता, मुलाच्या वडिलांचा होता, शिलाईवालीचा होता, अगदी तिच्या मावशीचा होता. "नाई," ते म्हणाले.

"मग लग्न कोणाचं लिहून ठेवलं होतं?"

परतीच्या बसमध्ये काकाजी ते पान मांडीवर उघडं ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्त्यात नवा रकाना काढायला लावला, मुलीचा फोन. नियम असा, आधी मुलीला विचारायचं, 'तुझ्याकडून ठरलं का?' ती हो म्हणाली तरच नोंद. हे विचारायचं काम माझ्याकडे आलं, आणि वऱ्हाडातल्या पोरी मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळल्या. कुणी हसायची, कुणी हो म्हणायची, कुणी दोन मिनिटं काहीच बोलायची नाही. वरूडची एक म्हणाली, "थांबा, विचार करून सांगते," आणि संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. ती माउली मला जे बोलली ते मी अजून घरी सांगितलेलं नाही.

नोंदी निम्म्यावर आल्या, अकोल्यात तर एकही उरली नाही. पुण्याचे साहेब म्हणाले, "काकाजी, तुम्ही गिऱ्हाईक शोधताय की हाकलताय?" काकाजींनी नियम बदलला नाही. शेवटी पुण्याने निक्षून सांगितलं, मार्चअखेरच्या बैठकीत अकोल्याचं एक तरी मोठं लग्न नावानिशी दाखवा, नाहीतर वऱ्हाडचं खातं पुण्याहूनच चालेल आणि तुम्हाला मोकळं करावं लागेल. काकाजी तीन आठवडे उन्हात फिरले. अकोल्याने काही दाद दिली नाही.

मार्चचा शेवटचा दिवस. बैठक अकराला होती. साडेदहाला काकाजींचा फोन वाजला. त्यांना फोन कानाला लावता येत नाही, ते कायम स्पीकरवरच बोलतात, म्हणून मला ऐकू आलं. अकोल्याची तलाठीण होती.

"काकाजी, माझ्याकडून ठरलं."

काकाजी खुर्चीतून उठले. "कोन हाय, माय?"

"माझ्यासोबतच आहे, महसूलमधीच. मे महिन्यात करायचं. सातशे-आठशे लोक होतीन. हॉल तुमीच पाहा, मी दुसऱ्या कोणाले सांगणार नाही. पण बाबांले अजून सांगितलं नाही. पाडव्याच्या दिवशी सांगीन. तोपर्यंत कोणालेच नको. मेसेज तर बिलकुल नको."

"कोनाले नाई, माय. देवाले बी नाई सांगत."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. नोंद भरायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण नोंद भरली की संदेश जातोच, तो मीच तसा बसवला होता आणि आता तो थांबवायचा अधिकार फक्त पुण्याला होता. "काकाजी, नाव न सांगता नुसतं एक आहे म्हणा," मी म्हटलं.

"एक म्हटलं तं ते नाव विचारतीन," काकाजी म्हणाले. "अन् मले नाव विचारलं का मी सांगून देतो. तू पाह्यलं ना. आपलं शून्यच बरं."

अकरा वाजता पडद्यावर पुणं आलं. साहेबांनी एकेक जिल्हा घेतला. यवतमाळ झालं, बुलढाणा झालं. मग ते म्हणाले, "काकाजी, अकोला?"

"शून्य," काकाजी म्हणाले.

"एखादं तरी पातं? उगवण? काहीच नाही?"

"काई नाई साहेब. कोरडं हाय."

साहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "काकाजी, सॉरी. मग जे ठरलं होतं ते करावं लागेल." काकाजी हसले, हात जोडले, आणि म्हणाले, "करा ना साहेब. सॉरी कावून म्हनता? चांगला दिवस हाय आज."

पडदा बंद झाला तेव्हा मला हुंदका आवरेना. या माणसाचं दोन वर्षांचं काम अर्ध्या मिनिटात वाचलं असतं, आणि ते वाचवायचं यंत्र माझ्या हाताखाली होतं. मला त्यांचा राग आला होता. आणि त्याच वेळी मला असं वाटत होतं की माझ्याही लग्नाचं कधी ठरलं तर पहिला फोन मी यांनाच करीन.

काकाजी सँडल घालून खाली गेले आणि अर्ध्या तासाने पेढ्यांचा पुडा घेऊन आले. खालच्या हार्डवेअरवाल्याला दिले, समोरच्या बँकेच्या शिपायाला दिले, ऑफिसातल्या सगळ्यांच्या टेबलावर स्वतः जाऊन ठेवले. सगळे बावचळले. नोकरी गेल्याचे पेढे कुणी वाटत नाही.

"काकाजी, कशाचे?" शेवटी एकाने विचारलं.

"पोरीचं ठरलं," काकाजी म्हणाले.

काकाजींना दोन मुलगेच आहेत. ऑफिसात ते सगळ्यांना माहीत होतं. पण प्रत्येकाच्या तोंडात पेढा होता.